अल्पाइन बोर्डवर कार्व्हिंग शिकताना: बूट, बाइंडिंग, एज आणि हिंटरटुक्स

लिफ्टच्या रांगेत कोणी ना कोणी विचारतंच, की हा बोर्ड इतका अरुंद कसा आणि पायात स्कीवाल्यांसारखे प्लास्टिकचे बूट कशाला. इथल्या मराठी मंडळींत विषय निघाला की तिथेही हेच प्रश्न, आणि दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहायला घेतलं. मी नाशिकची, नोकरीमुळे म्युनिकला आले, आणि आता अल्पाइन स्नोबोर्ड म्हणजे हार्डबूटवर कार्व्हिंग करते. सुरुवात कशी झाली, सामान कसं जमवलं, कुठे अडलं आणि कसं सुटलं ते सांगते. स्नोबोर्ड आधीपासून येत असेल तर जास्त उपयोग होईल, येत नसेल तरी वाचा.

आधी मी साध्या सॉफ्टबूटवर बोर्ड करायचे. म्युनिकहून दीड-दोन तासांत डोंगर गाठता येतो, त्यामुळे शनिवारी पहाटे निघायचं आणि संध्याकाळी घरी, नवरा स्कीवर आणि मी बोर्डवर. काळ्या पिस्टवरून, म्हणजे सगळ्यात अवघड उतारावरून, पण उतरता यायचं, पण उतरणं आणि वळण जमणं यात फरक आहे आणि तो मला कळत होता, नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येत नव्हतं एवढंच. मग एका ऑक्टोबरमध्ये हिंटरटुक्सला गेलो होतो. ऑस्ट्रियात टुक्स खोऱ्याच्या अगदी शेवटी हे ग्लेशियर आहे, वर्षभर चालू असतं, पायथा 1500 मीटरवर आणि सगळ्यात वरचं स्टेशन 3250 मीटरवर. गोंडोल्यातून खाली बघत होते तर एकजण उतरत होता, कुठेही बर्फ उडत नव्हता, खरवडल्याचा आवाज नव्हता, कंबर बर्फापासून वीतभर अंतरावर आणि मागे एकच बारीक रेघ, डावीकडे मोठी कमान, उजवीकडे मोठी कमान, मधे कुठे तुटलेली नाही. मी नवऱ्याला म्हणलं, मला हे शिकायचंय.

आता कार्व्ह म्हणजे काय ते आधी, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. बर्फावर वळायच्या दोन पद्धती. एक, बोर्ड आडवा घासत वळवायचा, त्यात बर्फ खरवडला जातो आणि वेग मरतो, सगळे आधी हेच शिकतात आणि ते आलंच पाहिजे. दुसरी, बोर्ड एजवर, म्हणजे काठाच्या धातूच्या पट्टीवर, कलवायचा आणि त्याला स्वतःला वळू द्यायचं. बोर्डची बाजू सरळ नसते, मधे आत गेलेली असते, त्याला साइडकट म्हणतात, आणि तो वक्र ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या मीटरमध्ये सांगतात. बोर्ड कलला की दोन्ही टोकं आणि मधला भाग एकाच वेळी बर्फाला टेकायला बोर्डला वाकावंच लागतं, आणि वाकलेला बोर्ड त्या कमानीवरून धावतो. जितका जास्त कलवाल तितकं वर्तुळ लहान. ढोबळ हिशोब असा की त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, म्हणजे 10 मीटरचा बोर्ड 60 अंशात कलला तर साधारण 5 मीटरचं वळण. यातली खरी गोम "वाकावंच लागतं" या शब्दांत आहे, बोर्ड वाकला नाही तर पुढचं काहीच होत नाही, आणि माझी सगळी कथा शेवटी तिथेच येते.

सॉफ्टबूटवर पण कार्व्ह होतं, फार सुंदर करणारे लोक आहेत. पण तिथे पाय बोर्डवर बरेचसे आडवे असतात म्हणून बोर्ड रुंद लागतो, कंबरेत म्हणजे मधल्या भागात 25-26 सेंटीमीटर, आणि खूप कलवला की बुटाचं नाक नाहीतर टाच बर्फाला लागते आणि एज निसटतो. अल्पाइनमध्ये दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवलेले असतात, 50 ते 65 अंशांपर्यंत, त्यामुळे बोर्ड 18 ते 20 सेंटीमीटर इतका अरुंद चालतो, अरुंद बोर्ड एका एजवरून दुसऱ्या एजवर झटकन जातो, आणि कडक बुटामुळे गुडघा जिकडे गेला तिकडे एज गेलाच. मधे काही हरवत नाही.

हे काही नवीन फॅड नाही. 80-90 च्या दशकात आल्प्समध्ये हार्डबूट सर्रास दिसायचे. फ्रान्सचा सर्ज व्हितेली अंग बर्फाला टेकेपर्यंत झोपून वळायचा, त्या वळणाला आजही व्हितेली टर्नच म्हणतात. 1998 ला नागानोमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा त्यात जायंट स्लालम, म्हणजे खांबांच्या गेटमधून वळत उतरायची शर्यत, होती, महिलांमध्ये फ्रान्सची कारीन रुबी जिंकली. 2002 पासून दोघं शेजारी-शेजारी उतरतात ती पॅरलल जायंट स्लालम आली. आणि चेकची एस्टर लेदेत्स्का तर माहीत असेलच, 2018 ला प्योंगचांगमध्ये तिने स्कीच्या सुपर-जीमध्ये आणि स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लालममध्ये, एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्ही गोल्ड घेतली, आणि 2022 ला बीजिंगमध्ये बोर्डचं परत घेतलं. तिची रन मी इतक्यांदा बघितलीये की कुठल्या गेटला तिचा मागचा गुडघा कुठे असतो ते तोंडपाठ आहे.

पण दुकानात जाऊन हे सामान मागितलं तर मिळत नाही. मोठ्या कंपन्या फ्रीस्टाइलकडे, म्हणजे उड्या-करामतींकडे, वळल्या आणि अल्पाइन छोट्या कारागिरांकडे राहिलं: स्वित्झर्लंडचा केस्लर, ऑस्ट्रियाच्या झिगी ग्राबनरचा एसजी, ज्याला 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये ब्रॉन्झ मिळालं होतं, अमेरिकेत डोनेक, कॅनडात कॉइलर, बाइंडिंगमध्ये (ज्यात बूट बोर्डला अडकतो) एफ2 आणि बॉम्बर, बुटात डीलक्स, यूपीझेड, माउंटन स्लोप. एवढीच मोजकी नावं फिरून फिरून ऐकू येतात. मी एका मोठ्या दुकानात चौकशी केली तर तिथला मुलगा म्हणाला हे आता कोणी वापरत नाही, स्की घ्या. बाकी सगळी माहिती माणसांकडेच आहे, आणि ती माणसं सकाळी पहिल्या लिफ्टला सापडतात.

मला सापडले ते साठी ओलांडलेले एक गृहस्थ, हिंटरटुक्सलाच, झॉमरबर्गआल्मच्या बाकावर बूट सैल करून बसले होते. समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली पद्धतच आहे, पण घरी आम्ही काका म्हणतो. मी जाऊन विचारलं की हे शिकायचंय, कुठला बोर्ड घेऊ. त्यांनी माझ्या अनुभवाचं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "वजन किती तुझं?" दुसरा, "मोंडो किती?" मोंडो म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये. मी म्हणलं वजन 56 आणि मोंडो 24. त्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की जुन्या बाजारात तुला जे दिसेल त्यातलं बहुतेक सगळं 85-90 किलोच्या पुरुषांचं असेल, रेसवाल्यांनी विकलेलं, लांबलचक आणि कडक, स्वस्तही असेल, पण त्यातलं काही घेऊ नकोस. तू त्याला वाकवू शकणार नाहीस, आणि मग तुला वाटेल की तुलाच जमत नाहीये.

हे वाक्य मी सगळ्या मुलींना सांगत असते. फक्त मुलींनाच कशाला, कमी वजनाच्या सगळ्यांनाच. अल्पाइन बोर्डचा कडकपणा वजनावर ठरतो. कडक बोर्ड वाकवायला एक तर वजन हवं नाहीतर वेग हवा, आणि शिकताना वेग नसतोच, असूही नये. काकांनी गाडीतून त्यांच्या मुलीचा जुना 156 सेंटीमीटरचा स्लालम बोर्ड काढला, टोक जमिनीवर टेकवलं, दुसरं टोक हातात धरून मधे तळहाताने दाबलं आणि मला दाबायला लावलं. मग स्वतःचा 180 च्या वरचा जायंट स्लालम बोर्ड दिला, तो दाबून बघितला तर हलला पण नाही. मला वाटतं त्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत मला जे कळलं ते महिनाभर वाचून कळलं नसतं. तो 156 त्यांनी मला सीझनभर वापरायला दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाले वॅक्स करून परत आण.

बूट मात्र स्वतःचेच लागतात. जुने डीलक्स मिळाले, माझ्या मापाचे मिळायला वेळ लागला कारण 24 चे कमीच फिरतात. हार्डबूट विकत घेताना नेहमीच्या चपलेच्या नंबरावर जायचंच नाही. आतलं लायनर बाहेर काढायचं, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे हलकी टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं, एक-दीड बोट उरलं तर बरोबर. त्याहून जास्त असेल तर सोडून द्यायचा, कितीही चांगला दिसला तरी. टाच आत वर उचलली जात असेल तर तुम्ही गुडघा ढकलता आणि अर्धं बल त्या पोकळीत जातं.

मग लायनर गरम करून पायाच्या आकाराचं करायचं. हे थर्मो लायनर फोमचं असतं, गरम झालं की मऊ होतं आणि थंड होताना पायाचा आकार धरतं. एका बूट-फिटरकडे करून घेतलं, त्याने स्नोबोर्डचे हार्डबूट बऱ्याच वर्षांत बघितले नव्हते पण काम अगदी मन लावून केलं. बोटांवर एक छोटी फोमची टोपी घातली म्हणजे तिथे थोडी जागा राहील, घोट्याच्या हाडावर एक गोल तुकडा चिकटवला, वरून पातळ मोजा, गरम लायनर, मग कवच, बकल हलकेच लावली आणि गुडघे वाकवून उभं केलं. थंड होईपर्यंत तसंच उभं राहायचं, जरा पण चुळबुळ नाही. त्यानंतर बूट घरी घालून स्वयंपाक केला, भांडी घासली, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले. ती म्हणाली, "हे घालून चालतेस तरी कशी गं? आणि हेल्मेट घालतेस ना?" घालते. पाठीचं प्रोटेक्टर पण घालते.

टाचेला स्टेप-इन सिस्टीम आहे, ती मला फार आवडते. टाचेत दोन्ही बाजूंना धातूच्या पिना असतात, बाइंडिंगमध्ये पुढचं नाक अडकवायचं आणि टाच खाली दाबायची, पिना खट्कन आत बसतात. काढताना बुटाच्या वर एक छोटी दोरी असते ती ओढायची, तार खाली टाचेपर्यंत जाते आणि पिना मागे सरकतात. बर्फात बसून पट्टे आवळायची भानगडच नाही. पण एक काळजी घ्यायचीच: तळव्याखाली बर्फ चिकटून कडक होतो आणि मग एक पिन बसते, दुसरी अर्धवट राहते, आवाज मात्र दोन्ही बसल्यासारखा येतो. म्हणून आधी बुटाचा तळ बोर्डच्या एजवर नाहीतर दुसऱ्या बुटावर आपटून साफ करायचा, दाबायचं, आणि वाकून दोन्ही बाजूच्या पिना डोळ्यांनी बघायच्या, प्रत्येक वेळी. काका अजून बघतात, मग आपण कोण.

बाइंडिंग लावायचं काम मी घरी हॉलमध्ये केलं, खाली जुनी चादर आणि हातात मोठा स्क्रूड्रायव्हर. कोन किती ठेवायचा हा प्रश्न आवडीचा नाहीच, तो बोर्डची रुंदी आणि पायाची लांबी ठरवते. बूट बाइंडिंगमध्ये अडकवून बोर्ड बाजूने कलवून बघायचा, बुटाचं नाक किंवा टाच एजच्या बाहेर डोकावत असेल तर कोन वाढवायचा, खूप आत असेल तर कमी करायचा. माझं पुढचं 58 आणि मागचं 55 वर आलं. त्याच बोर्डवर मोठ्या पायाचा माणूस 65 ला जाईल. दोन पायांमधलं अंतर 46 सेंटीमीटर, उंची 162 आहे माझी. मग पाचरी: पुढच्या पायाच्या बोटांखाली थोडी उंची आणि मागच्या पायाच्या टाचेखाली थोडी. असं केलं की गुडघे वाकवून खाली बसता येतं आणि मागचा गुडघा दुखत नाही. मागच्या टाचेखालची पाचर मी एक घर वाढवली तेव्हा इतका फरक पडला की बोर्ड बदलल्यासारखं वाटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळतं.

पहिला दिवस बर्फावर. काकांनी एकदम सपाटीच्या निळ्या पिस्टवर नेलं आणि वळूच दिलं नाही. टो-साइड, म्हणजे बोटांकडच्या एजवर आडवं जायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर, थांबायचं, मागे वळून रेघ बघायची. रेघ बारीक असेल तर ठीक, फराटा असेल तर परत. मग हील-साइडला, म्हणजे टाचेकडच्या एजवर, तेच. त्यानंतर अर्ध वळण: सरळ खाली सुटायचं, बोर्ड कलवायचा आणि काहीही न करता वाट बघायची, बोर्ड स्वतः वळतो, आडवा होतो, मग चढावर जातो आणि तिथे थांबतो. ही वाट बघणं फार अवघड आहे हो. सॉफ्टबूटची इतक्या वर्षांची सवय म्हणते मागचा पाय ढकल, आणि ढकलला की संपलं, रेघेचा फराटा झाला. पण याच सरावात मला कळलं की कार्व्हिंगमध्ये वेग कमी कसा करतात. घासून नाही, तर वळण पूर्ण करून. खाली जायचंच नाही जोवर बोर्ड आडवा किंवा जरासा वर जात नाही, मग पुढचं वळण. तीव्र उतारावर लोक घाबरतात ते वळण अर्धवट सोडल्यामुळे, प्रत्येक अर्धवट वळण पुढच्याला जास्त वेग देतं.

टो-साइड लवकर जमलं. तिथे मोह एकच, हात बर्फाला लावायचा. हात लावायला गेलं की कंबरेत मोडतो, खांदा खाली जातो, वजन एजवरून निघून जातं आणि बोर्ड थरथरतो. त्याऐवजी गुडघे आणि कंबर बर्फाकडे न्यायची, खांदे उताराला समांतर ठेवायचे, बर्फ स्वतःच हाताशी येतो तेव्हा येतो.

हील-साइडने मात्र पूर्ण हिवाळा घेतला. यात सगळ्यांचंच असं होतं, खुर्चीत बसल्यासारखं बसलं जातं, पाय सरळ होतात, छाती मागे, बोर्ड कडकडकड आवाज करत खाली घसरतो. कारण साधं आहे, वजन एजच्या फार आत गेलेलं असतं आणि बोर्डच्या मागच्या भागावर. जानेवारी-फेब्रुवारी मी झुडेलफेल्डला घालवला, बायरिशझेलजवळ, सोपे रुंद उतार आहेत आणि म्युनिकहून जवळ. एकच व्यायाम परत परत: हील-साइडला मागचा हात पुढे आणून पुढच्या बुटाच्या वरच्या काठाला लावायचा. तो हात तिथे पोचायला खांदे पुढे वळावे लागतात, कंबर बाइंडिंगच्या दिशेला येते, गुडघे वाकतात, म्हणजे जे दहा गोष्टी आठवून करायचं ते सगळं एका हालचालीत होतं. आणि नजर. बोर्डच्या टोकाकडे नाही, वळण जिथे संपणार तिकडे, जवळजवळ चढाकडे बघायचं. एक दिवस सकाळी दोन हील-साइड लागोपाठ आवाज न करता गेले. लिफ्टवरून बघितलं तर रेघ होती, टो-साइडइतकीच बारीक. मी लिफ्टवर एकटीच ओरडले.

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली ती सुरक्षेची, आणि इथे मी जरा जोर देऊन लिहिते. कार्व्हिंग करणारा पिस्टची पूर्ण रुंदी वापरतो आणि वळणाच्या शेवटी चढाकडे येतो, मागून येणाऱ्या स्कीवाल्याला याची अजिबात कल्पना नसते. एफआयएसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, दहा नियमांप्रमाणे मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं, बरोबर आहे, पण पाचवा नियम असंही म्हणतो की जो थांबून परत निघतो किंवा उतारावर वरच्या दिशेने वळतो त्याने वर-खाली बघायचं. म्हणून प्रत्येक टो-साइडच्या शेवटी मी खांद्यावरून वर बघतेच. गर्दी झाली की कार्व्हिंग बंद, साध्या वळणांनी खाली. नियमात आपण बरोबर असून उपयोग नाही, मोडलेला पाय आपलाच असतो.

म्हणूनच सगळं सकाळी होतं. रात्रभर मशीनने दाबून काढलेल्या पिस्टवर बारीक उभ्या रेघा असतात, कॉर्डुरॉय म्हणतात त्याला, आणि पहिले दीड-दोन तास तेच खरं. हिंटरटुक्सला आम्ही म्युनिकहून अंधारातच निघतो, पहिल्या गोंडोल्याने वर, टुक्सर फेर्नरहाउसच्या वरच्या ग्लेशियरच्या पिस्टवर, 3000 मीटरला दम लागतो, दोन वळणांनंतर मांड्या पेटतात, पण तेव्हा कोणी थांबत नाही. तिथे टी-बार लिफ्ट पण आहेत, दांड्याने बर्फावरूनच ओढत वर नेणाऱ्या, सॉफ्टबूटवाले त्यांना वैतागतात, हार्डबूटवर मात्र पाय पुढेच वळलेले असल्यामुळे त्या सोप्या जातात. साडेदहानंतर पिस्ट उखडायला लागली की सगळे हळूहळू आत येतात, सूप घेतात आणि मग दुसरं सत्र सुरू होतं, म्हणजे एकमेकांचे बोर्ड मागायचं. तू हा घे, मी तो घेतो, बाइंडिंग सरकवायला सगळ्यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. या मंडळींत पन्नाशी-साठीतले जास्त, अधूनमधून माझ्यासारखे, आणि एखादा रेसिंग क्लबचा पोरगा जो सगळ्यांपेक्षा भारी असतो आणि सगळ्यांचं ऐकून घेतो.

एका मार्चमध्ये काकांच्या गँगबरोबर झिनालला पण गेले, स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, सिएरहून आनिव्हिएच्या खोऱ्यात वर चढत जायचं, गाव 1670 मीटरवर आणि रोपवे सोरेबुआला नेतो. म्युनिकहून गाडीने जवळजवळ पूर्ण दिवस मोडतो. जायचं कारण म्हणजे एक्स्ट्रीम कार्व्हिंगवाल्यांचं ते आवडतं ठिकाण, जाक रियिए आणि पात्रिस फिवा यांनी ही शैली घडवली आणि त्यासाठी स्वोर्ड नावाचा बोर्ड काढला. त्यांच्या शैलीत दोन्ही बाजूंना पूर्ण अंग बर्फावर टाकतात, वळणाच्या मधे पाय लांब करून बोर्ड दूर ढकलतात आणि एज बदलताना पाय पोटाशी ओढून घेतात. बोर्ड रेस बोर्डपेक्षा रुंद असतो, कोन कमी. मला ते एका बाजूला थोडंफार जमलं. रेसवाल्यांच्या आणि त्यांच्या शैलीत कोण बरोबर यावर संध्याकाळी बरीच चर्चा झाली, मला दोन्ही आवडतं, फक्त माझ्या गुडघ्यांना रेसची शैली जास्त मानवते.

घरी आल्यावरचं काम म्हणजे एज. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात एक टेबल आहे तिथे बोर्ड आडवा बांधते. बाजूचा कोन 88 अंश, त्याचं गाइड मिळतं त्यात फाइल अडकवून टोकापासून शेपटीपर्यंत एका दिशेने ओढायची, दाब न देता, मग डायमंड स्टोन, मग नखाने तपासायचं की बर, म्हणजे फाइलने उरलेली खरखरीत कड, राहिलाय का. नख एजवर हलकं ओढलं की बारीकशी साल निघते, तेव्हा एज झाला. ग्लेशियरच्या कडक बर्फावर बोथट एज घेऊन जाणं म्हणजे दिवस वाया. वॅक्स बर्फाच्या तापमानाप्रमाणे. पाऊण तास जातो, मला हे काम मनापासून आवडतं.

भारतात कुठे करता येईल असं बरेच जण विचारतात. गुलमर्गचा मोठा गोंडोला 3900 मीटरच्या वर नेतो, पण तिथली मजा खोल ताज्या बर्फाची, मशीनने न दाबलेल्या. तिथे रुंद सॉफ्टबूटचाच बोर्ड न्या, अरुंद अल्पाइन बोर्डचं नाक आत घुसतं. कार्व्हिंगला दाबलेली, रुंद, लांब पिस्ट लागते, तिला पर्याय नाही.

मागच्या सीझनला शेवटी स्वतःचा बोर्ड बनवून घेतला. कारागिराने फॉर्म पाठवला, त्यात वजन, उंची, मोंडो, बाइंडिंगचे कोन, किती तीव्र उतारावर जाता, किती वेगाने, बर्फ बहुतेक कडक की मऊ, रेस की नुसती मजा, एवढं सगळं. पैसे लागतात, हजार युरोच्या वर जातं, त्यामुळे मी दोन सीझन थांबले आणि तोवर काकांच्या मुलीच्या 156 वर आणि लोकांच्या बोर्डवर शिकत राहिले, म्हणजे फॉर्ममध्ये काय लिहायचं ते तरी कळलं. 163 चा, कंबर 18.5, आत टिटॅनलचे थर, हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, थरथर मारतो आणि एज बर्फाला धरून ठेवतो. पण कडकपणा 56 किलोसाठी.

नोव्हेंबरमध्ये हिंटरटुक्सला पहिल्यांदा बाहेर काढला. पहिल्या टो-साइडला मी कलवलं आणि नाक लगेच आत ओढलं गेलं, इतक्या हळू वेगात आधीचा कुठलाच बोर्ड असा आला नव्हता. हील-साइडला पण तेच, काहीही ढकलावं लागलं नाही, गुडघे नेले आणि बोर्ड खाली वाकलेला पायाला जाणवला. काका वर थांबून बघत होते. खाली आले तर म्हणाले, मागची पाचर अर्ध घर कमी कर, शेपूट अजून जरा अडकतीये. तिथेच बाकावर बसून स्क्रू सोडले, पाचर बदलली, पिना तपासल्या आणि परत वर गेलो.

156 काकांना वॅक्स करून परत दिला. तो आता इन्सब्रुकला शिकणाऱ्या एका मुलीकडे आहे, ती 52 किलोची आहे आणि तिचा मोंडो 23.5, बूट शोधणं चालू आहे. कोणाकडे असतील, किंवा कुठे विकायला दिसले, तर कृपया कळवा.